छातीवरचा निरीक्षक

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. (डॉक्टरणीने सध्या मला वाकायला मनाई केली आहे, त्यामुळे तो खुर्चीत ताठ बसूनच केला आहे. तरी तुम्ही तो वाकून केला असे धरावे.)

तुमचा खोकला कसा आहे? खिडक्या सताड उघड्या टाकून झोपत असाल. त्याने खोकला वाढतो हे मी पूर्वी सांगितले आहे, पुन्हा सांगत नाही. मी ठीक आहे. काळजीचे काही नाही आणि येण्याची तर मुळीच गरज नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचे वाचून तुम्ही पिशवी भरायला उठणार नाही.

झाले असे, की मागे एकदा आमचा जिना चढताना माझ्या छातीत काहीतरी फडफडले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठडा धरून पायरीवर बसले. बसले, पडले नाही. मुलगा सगळ्यांना 'आई पडली' असे सांगत फिरतो, ते खोटे आहे. पण त्याला तेवढे निमित्त पुरले. तो आणि सूनबाई येऊन माझ्यासमोर सोफ्यावर शेजारी शेजारी बसले (ती दोघे शेजारी शेजारी बसली की समजावे, बाहेर ठरवून आली आहेत) आणि त्यांनी निर्णय सांगितला. हृदयाची तपासणी करायची. अहवालात काही निघाले, तर या घराला कुलूप आणि मी त्यांच्याकडे. त्यांचे घर चांगले आहे. माझ्यासाठी खोलीही ठरली आहे, तिच्यात व्यायामाची सायकल आहे ती हलवणार आहेत. पण वन्सं, त्यांच्याकडे मीठसुद्धा बंद पुड्यातून दारात येते. जिने वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून आयुष्य काढले, तिने बंद पुड्यांची तोंडे बघत म्हातारपण काढायचे? मी तपासणीला हो म्हटले आणि मनाशी ठरवले, की अहवालात काहीही निघणार नाही.

तंत्रज्ञ बाईंनी छातीला काहीतरी गारगार पुसून जागोजागी चिकटपट्ट्या लावल्या, त्यांना वायरी जोडल्या आणि त्या सगळ्या वायरी ज्यात जातात ती साबणाच्या डबीएवढी पेटी माझ्या कमरेला बांधली. दिवसभर आणि रात्रभर ती माझा एकेक ठोका नोंदवून घेणार. पुढून बटणे असलेले काहीतरी घाला म्हणाल्या, म्हणून घरी आल्यावर तुमच्या भावाचा निळा शर्ट काढला, तुम्ही शिवलेला. (त्याचा डावा खांदा उतरता आहे. ते होते तोवर मला वाटायचे, त्यांचाच खांदा उतरता आहे.) निघताना बाईंनी बजावले होते, की रोजच्यासारखे वागा, जे रोज करता ते सगळे करा.

हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचे. जन्मभर मीच ते दुकानदारांना ऐकवत आले. दुकानात शिरायचे, एका बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, चालू द्या तुमचे, मी इथे नाहीच असे समजा. मग दुकानदार काय करायचा, तर पोकळ वजने पायाने गल्ल्याखाली ढकलायचा, मागच्या फडताळातून खरी वजने काढायचा, पारडे फडक्याने पुसायचा आणि गिऱ्हाइकाला न मागता चार दाणे जास्त घालायचा. माझी पाठ वळली की खरी वजने परत फडताळात. अशा लोकांना मी कधी दयामाया दाखवली नाही. आणि वन्सं, पेटी कमरेला बांधून मी घरी आले ती थेट फडताळ उघडूनच बसले.

जिना नव्या नवरीसारखा चढले. बातम्या लावल्या नाहीत, कारण बातम्या देणारी माणसे माझा पारा चढवतात. वर्तमानपत्रातले फक्त हवामान वाचले. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ (आम्ही त्यांना 'फर्निचर' म्हणतो, कारण दिवसभर ते तेच ओढत असतात) कपाट सरकवू लागले. एरवी कपाटाचा दुसरा पाय हलायच्या आत मी त्यांच्या दारात असते. त्या दिवशी मी छताकडे पाहून मंद हसले. त्यांचे कपाट, त्यांची फरशी, आपण कोण बोलणार?

दुकानातही गेले नाही. वाण्याला फोन करून तांदूळ-साखर घरी मागवली. साखरेची पुडी हातात घेताच कळले, की कमी आहे. (माझ्या हाताला काटा लागत नाही.) पण तोंडातून शब्द निघाला तो, असू दे. आणणाऱ्या माणसाने ते जाऊन सांगितले असावे, कारण थोड्याच वेळात वाणी दुकान सोडून स्वतः दारात हजर. हातात साखरेची दुसरी पुडी. अदबीने म्हणाला, "मॅडम, तब्येत बरी आहे ना? पुडी परत आली नाही, म्हणून म्हटलं बघून यावं." तेवढ्यात त्याला शर्टातून लोंबणारी वायर दिसली. मग त्याने ती पुडी मला दिली नाही, वाहिली.

दुपारी सूनबाईचा फोन आला. त्यांच्याकडच्या माझ्या खोलीला पडद्यांचा रंग कोणता घेऊ, असे तिने विचारले. मी म्हटले, तुला आवडेल तो घे. संध्याकाळी ती आणि मुलगा दोघे धापा टाकत दारात. मी त्यांना चहा केला, मुलाच्या वाढलेल्या केसांबद्दल काही बोलले नाही, सूनबाईची साडी चांगली आहे म्हटले. मी जितके गोड बोलत होते तितकी दोघे पांढरीफटक पडत होती. शेवटी मुलगा गॅलरीत गेला आणि इस्पितळात खाट लगेच मिळते का, ते कुणाला तरी हळू आवाजात विचारू लागला. एका दिवसाचे माझे चांगले वागणे घरच्यांना झटक्याइतके महागात पडले.

दुसऱ्या दिवशी पेटी काढली. अहवाल मात्र निर्मळ निघाला. डॉक्टरणीने तो कागद पाहिला, मला पाहिले, पुन्हा कागद पाहिला. "काकू, इतका शांत दिवस तर झोपलेल्या बाळाचाही नसतो. रोज असंच असतं?" मी म्हटले, रोज असेच. तपासणी अधिकाऱ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा खोटी जबानी दिली आणि ती इतकी सफाईने निघाली, की जणू सवयच आहे. (दुकानदार नेमके इथेच त त प प करायचे. त्यांच्यात किती थोडे अंग होते, ते आता लक्षात आले.) मुलाचा जीव भांड्यात पडला. कुलपाची भाषा संपली. तो कचेरीत गेला आणि मी जिंकल्याच्या तोऱ्यात टॅक्सीत बसले.

टॅक्सीचे मीटर पळत होते. नुसते पळत नव्हते, उड्या मारत होते. मी टॅक्सीवाल्याला तसे सांगितले. तो आरशात बघून म्हणाला, "मावशी, मीटर बरोबर आहे, रस्ताच लांब आहे." झाले. एक दिवस आणि एक रात्र कोंडून ठेवलेले सगळे माझ्या घशाशी आले, मी कलम सांगायला तोंड उघडले आणि छातीत तीच फडफड, डोळ्यांपुढे तीच अंधारी. शुद्धीवर होते, पण जेमतेम. टॅक्सीवाल्याने गाडी कडेला घेतली, मला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवले, स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले आणि माझ्यासमोर उकिडवा बसून पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "मीटर चुकीचं आहे मावशी, मान्य. पण तुम्ही शांत व्हा." सगळ्या नोकरीत इतका स्वच्छ कबुलीजबाब मला मिळाला नाही, आणि तो लिहून घ्यायला अंगात त्राण नव्हते.

त्या पायरीवर बसल्या बसल्या पहिल्यांदा मला भीती वाटली. हीच अंधारी घरात, गॅस चालू असताना आली असती तर? खोटी वजने वापरणारा निदान दुसऱ्याला तरी फसवतो. माझ्या दुकानात गिऱ्हाईकही मीच होते. जरा बरे वाटल्यावर त्याच टॅक्सीने (त्याच मीटरने) परत गेले आणि डॉक्टरणीला सगळे सांगितले. ती रागावली नाही, हे मला आवडले नाही. मी तिच्या जागी असते तर खटला भरला असता. ती एवढेच म्हणाली, "पुन्हा लावू. या वेळी खरोखर रोजच्यासारखं राहा. चढा, उतरा, भांडा. बिघाड पकडता आला तरच औषध देता येईल."

चढण्या-उतरण्याचे जमेल. पंचाईत भांडणाची आहे. माझ्या हृदयाची वार्ता फुटल्यापासून फर्निचर आता कपाटे उचलून ठेवतात. वाणी मापावर आणखी मूठभर घालतो. मुलगा प्रत्येक गोष्टीला 'हो आई' म्हणतो आणि सूनबाई तर पडद्यांचे नमुनेच घेऊन आली. घरात, दारात, जिन्यात भांडायला माणूस म्हणून उरलेला नाही. असो. आपण मात्र प्रकृतीला जपावे, खिडक्या लावून घ्याव्यात, आणि माझी चिंता करू नये.

तुमची,
वहिनी

ता. क. यंत्र येत्या सोमवारी लागणार आहे. तुम्ही रविवारी यावे. तुम्ही तांदूळ न मोजता मुठीने घ्याल, मीठ न बघता टाकाल, आणि तरी सगळे बरोबर होईल, हे मला मुळीच सहन होत नाही. खिडकी उघडून झाल्यावर 'वहिनी, खिडकी उघडू का' असे विचाराल. मला भडकवण्यात बाकी कोणी तुमच्या पासंगालाही पुरत नाही. वेगळी काही तयारी करू नये, आहात तशाच या.

आणखी ता. क. डॉक्टरीण एक गोष्ट आणखी बोलली. निकाल काहीही लागो, यापुढे एकटीने राहायचे नाही. मुलाने ते 'आमच्याकडे राहायचे' असे ऐकले. मी शब्द मोजून ऐकते. कुणाकडे, कुणाबरोबर, ते ती बोललेली नाही. मागच्या खोलीत उजेड चांगला आहे. खिडकीखाली तुमचे शिलाई मशीन बसते, मी टेपने मोजून पाहिले. ते घेऊनच यावे. मुलाला अजून काही सांगितलेले नाही, आधी तुम्हाला विचारते आहे. हो असेल तर कळवायचे कारण नाही, दार उघडे असेल. उत्तर नाही असेल तर मात्र पत्राने कळवू नका. सोमवारी यंत्र अंगावर असताना फोन करून सांगा, म्हणजे निदान डॉक्टरणीच्या उपयोगी पडेल.