उंदराच्या इंजेक्शनाविषयी, लोटनभाऊंस

जळगाव, मार्च १९९९

आदरणीय लोटनभाऊ,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. धुळ्यात सगळी मंडळी खुशाल असतील, वहिनींचा गुडघाही आता कुरकुरत नसेल, असं धरून चालतो. इकडे प्रमिला ठीक, आई ठीक, आणि मीही (हे वाचून तुम्ही चष्मा पुसाल, पण खरंच) ठीक आहे.

माझ्या आतड्यांचा तो क्रोन्स नावाचा रोग तुम्हाला ठाऊकच आहे. चित्रकलेच्या तासाला फळ्यावर फुलदाणी काढायची आणि फूल काढायच्या आत धावत सुटायचं, अशी मास्तरकी चालली होती. शेवटी आमचे डॉक्टर म्हणाले, परदेशात प्रतिपिंडाचं नवं औषध निघालंय, मिळतं का बघा. माझा आतेभाऊ अमेरिकेहून मुंबईला येणार होता, त्याने ते आणलं. औषध गार राहायला हवं, पण गोठता कामा नये. म्हणून थर्मासमध्ये बर्फ, वर फडकं, त्यावर बाटल्या, असा मी मुंबईहून परतीच्या गाडीत बसलो. नाशिक गेलं आणि पोटाने बोलावलं. थर्मास घेऊनच संडासात गेलो. परत आलो, पुन्हा गेलो. समोर बन्सीलाल नावाचे कापडवाले बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमचा चहा कोणी पिणार नाही. ठेवून जा." मग खरं सांगावं लागलं. त्यानंतर अख्खा डबा थर्मासची राखण करू लागला (आणि मला पोटाचे उपाय सांगू लागला, ते वेगळंच). चाळीसगावला बन्सीलाल स्वतः बर्फ आणायला उतरले. गाडी सुटता सुटता धोतर सावरत चढले आणि म्हणाले, "बर्फ मिळाला, टोपी गेली."

घरी वेगळंच प्रकरण. औषधाचा उंदराशी संबंध आहे, एवढंच आतेभावाने फोनवर आईला सांगून ठेवलं होतं. तिच्या गळ्यात माळ. ती थेट दवाखान्यात आली. "मना पोरले उंदीरनं रगत देतस का, डाक्टर?"

डॉक्टर भला माणूस. त्यांनी तिला बसवलं आणि सांगितलं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, पण देवचंदच्या पेशी त्याच्याच आतड्यावर उठल्या आहेत. त्या एक रसायन सोडतात, त्याने आणखी पेशी धावून येतात आणि सूज वाढते. प्रतिपिंड ते रसायन धरून ठेवतं. मग पेशी थंडावतात, काही आपणहून मरतात. प्रतिपिंड पहिल्यांदा उंदरात तयार केलेलं, म्हणून त्याचा थोडा भाग त्या जातीचा, बाकी माणसाचा. रक्तबिक्त काही नाही.

आई विचार करून म्हणाली, "त्या बठ्ठा झोपी ग्यात, तं दार कोन राखी?"

"म्हणूनच छातीचा फोटो काढतोय," डॉक्टर म्हणाले. क्षयाचे जंतू कधी कधी अंगात निपचित पडलेले असतात. याच पेशी त्यांना कोंडून ठेवतात. पेशी सैलावल्या की ते उठू शकतात. माझा फोटो स्वच्छ निघाला. घरात कोणाला जुना खोकला आहे का, असंही विचारलं. आईने सगळ्यांच्या वतीने नाही म्हणून सांगितलं, म्हशीसकट.

औषध सलाईनमधून दिलं. आई उशाशी बसून अधूनमधून माझे कान बघत होती. पण भाऊ, थोड्याच आठवड्यांत कळ ओसरली. भाकरी पचते. काल फुलदाणीत फुलं काढली, देठ काढले, सावलीसुद्धा काढली. मुलं नाराज आहेत.

थोरांच्या पाया पडतो, लहानांच्या पाठीवर हात.

आपला,
देवचंद

ता. क. आखाजीला तुम्ही येणार, आणि आम्हालाही तुमच्यावाचून सण गोड लागत नाही. पण संक्रांतीला आलात तेव्हा तुम्ही सारखे खोकत होता, सदराही अंगावर ढगळ झाला होता. धूळ आहे म्हणालात. असेलही. तरी येण्याआधी छातीचा फोटो काढा, थुंकी तपासून घ्या. माझ्या जिवासाठी म्हणतोय, आणि त्याहून जास्त तुमच्या. हे एक वाक्य लिहायचा धीर होईना, म्हणून एवढं पत्र लांबलं.

आणखी ता. क. प्रमिलाने पत्र वाचलं. म्हणते, भाऊ पत्राने ऐकणारा नव्हे. ती पिशवी भरतेय, धुळ्याची एस.टी. धरतेय आणि हे पत्रही तीच आणतेय. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा ती समोर उभी आहे. चपला घाला.