फडक्यावरचा आंधळा जीव

अकोला, रविवार, २ मार्च

शी. अजून अंगावर काटा आहे. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून भाऊ नांदगाव खंडेश्वरहून माहेरच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये आणून देतो. आज ते गाळलं तर फडक्यावर तांदळाएवढा पांढरा जीव वळवळत होता. आरपार दिसणारा, नुसते पायच पाय, आणि डोळेच नाहीत. हेच पाणी मी जन्मभर आवडीनं प्याले?

वहिनीला फोन केला तर ती हसली. "ताई, ते तं पहिलेपासूनच हायेत. विहिरीतल्या अंधारात डोये कायले पायजे? सासूबाई फडकं विहिरीतच धूत. तुमी काय केलं?"

बेसिनच्या नळाकडे हात गेला होता माझा. पण आम्ही जैन. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत फडक्यावरचे जीव परत सोडायचे. काठावर वाकून हलक्या हातानं फडकं धुणारी आई आठवली. मला वाटायचं, त्यात काहीच नसतं.

डाळ केलीच नाही. स्टीलच्या डब्यात तो फिरतोय, डोळे नसलेला. बघवत नाही. भावाला म्हटलं, उद्या येऊन घेऊन जा. तो म्हणाला, "एका किड्यासाठी पेट्रोल जाळू काय, बाई?"

म्हणजे सकाळच्या बसनं मलाच जावं लागणार. शी. आणि तो डबा मांडीवर धरून.