पाव तास थांबलो असतो तर

९ मार्च

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

पिल्लू आजोबांना गाडी शिकवणार म्हणतो, हे वाचून पोटभर हसलो. आता माझं ऐक आणि आरडाओरडा करू नकोस. मंगळवारी मी शाळेची बस चालवत असताना पोलिसांनी ती अडवून मला नळीत फुंकायला लावलं आणि मशीनने मी प्यायलोय असं दाखवलं. मला सरबतसुद्धा चढतं म्हणून तुझी आई चिडवायची, आठवतं ना?

दाढ ठणकत होती म्हणून निघताना औषधाचे थेंब लावले होते. त्यात स्पिरिट असतं, हे मला नंतर कळलं. हवालदाराने आधी विचारलं होतं, तोंडात काही घेतलंय का, असेल तर पाव तास थांबू. मागे पोरांची परीक्षा खोळंबलेली. मी घाईघाईने म्हटलं, काही नाही, उरका लवकर. तसं लिहून सहीही केली. मग थेंबांचं सांगत बसलो, पण पुन्हा फुंकू देईनात. दुसरी बस येईपर्यंत पोरं खिडकीतून माझ्याकडे बघत होती. काळजी करू नकोस.

तुझा, बाबा

२० मार्च

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

काळजी करू नकोस म्हणे! दोन दिवस घास गिळला नाही. यांच्या वकील मित्राला भेटले. ते म्हणतात, मशीनची तपासणी मुदतीत झालेली नाही, त्यावरच आव्हान देऊ. थेंबांचं नावही काढू नका. आधी नाही म्हणून आता हो म्हटलंत तर आपल्याच पायावर धोंडा. तेव्हा कोर्टात हरिश्चंद्र होऊ नका.

एक विचारू? रागावू नका. आई गेल्यापासून एकटे असता. कधी थोडी घेतली असेल तर मला सांगा. मी कुणाला बोलणार नाही. दाढ दाखवून घ्या.

तुमची, ठकी

३० ऑगस्ट

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

सुटलो. मशीन मुदतीत तपासलेलं नव्हतं म्हणून न्यायाधीशांनी तो आकडाच बाद केला. शाळेने परत घेतलं, पण निम्मी बस रिकामी धावते. आया पोरांना स्वतः सोडतात.

तू विचारलंस ते अजून विसरलो नाही. ठके, मी प्यायलो नव्हतो. कोर्टात हे कुणी विचारलंच नाही, आणि वकिलांनी मला तोंड उघडू दिलं नाही. लोकांचं जाऊ दे. तू मला ओळखतेस, एवढं पुरे. सुट्टीत गाडी घेऊन येतो, पिल्लूला तळं दाखवीन.

तुझा, बाबा

८ सप्टेंबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

सुटलात, जीव भांड्यात पडला. आता जुनं उकरून काढू नका, झालं गेलं विसरू या. जरूर या, पिल्लू दिवस मोजतोय. फक्त त्याला गाडीत घेऊन जाऊ नका. हे म्हणतात म्हणून नाही, माझंच मन धजत नाही. लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं. समजून घ्याल ना?

तुमची, ठकी

१५ सप्टेंबर

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून खूप रडलो, खोटं कशाला सांगू. तुझ्यावर राग नाही. आईचा जीव आहे तुझा.

गाडी इथेच ठेवून रेल्वेने येतो. पिल्लूला तळ्यापर्यंत चालत नेईन, बोट धरून. तेवढं चालेल ना? नाही म्हणालीस तर घरातच खेळू.

आशीर्वाद नेहमीचेच. लोभ तेवढा राहू दे.

तुझा, बाबा