फेर्मिनसाठी प्रार्थना

सान हासिंतो, १४ मे

माझ्या लाडक्या नेरेइदास, आजीचे भरभरून आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण तुझे आजोबाही कुरकुरायचेच, सवय आहे मला. तुला टीव्हीवर पाहिलं! माझी नात, केंद्र सरकारची वकील! केस मात्र विंचरत जा गं. शेजारची चोले म्हणते, "तस्कर धरते, नवरा काही धरत नाही." तिला मक्याचे तामालेस खायला द्यायचेच बंद केलेत मी.

गुरुवारी तुला यायला जमलं नाही, पण तुझा फेर्मिनही आला नाही. तस्करांचा ट्रक चालवून त्यांच्याच खबरा तुला द्यायला मागच्या दाराने यायचा बिचारा. तुम्हाला स्वयंपाकघरात बसवून मी अंगणात कोंबड्या हाकत राहायचे. तू बजावलं होतंस, म्हणून त्याचं नाव कुणाजवळ काढलं नाही. शपथ.

देवाला तेवढं सांगितलं. हल्ली फेर्मिनच्या घशाखाली घास उतरत नव्हता, म्हणून पाद्रीबाबांना रविवारच्या प्रार्थनेत नाव घ्यायला सांगितलं. तुझंही घ्या म्हटलं, कौतुक वाटतं ना! त्यांनी वेदीवरून खणखणीत वाचलं, "फेर्मिनच्या जिवाच्या रक्षणासाठी, वकीलबाई नेरेइदाच्या आजीकडून." चर्च गच्च भरलेलं. माझी छाती फुगली.

तू जिला दारातही उभं करत नाहीस ती पत्रकार, इमेल्दा, तिथंच होती. बाहेर आल्यावर तिनं माझा दंड धरला. "आजी, मी हे छापणार नाही. पण मला कळलं, ते मागच्या बाकावरच्या तस्करांच्या माणसांना कळलं नसेल? नेरेइदाला आत्ताच्या आत्ता फोन करा."

"बातमीसाठी म्हातारीला भेडसावतेस होय गं?" म्हटलं, आणि घरी येऊन घेवडा शिजत टाकला. फोन केला नाही.

ट्रक ओढ्यापाशी सापडला. दार उघडं. फेर्मिन नाही.

त्याची बायको चायो पोरांना घेऊन माझ्याकडे आलीय. त्यांना इथून लवकर ने. समोर गाडी उभी असते, ओळखीची नाही. फोनवर बोलायची भीती वाटते, म्हणून हे पत्र इमेल्दाच घेऊन येतेय. तिला आत घे, पाणी विचार.

चायोला कुणी काही सांगितलेलं नाही. काल म्हणाली, "अख्ख्या गावात त्याच्यासाठी देवाला साकडं घालणाऱ्या तुम्ही एकट्याच, आजी." आणि माझ्या हाताचा मुका घेतला.

त्याच हाताने हे लिहितेय.

तुझी आजी,
रेमेडिओस