चिसेंगाच्या फॉर्मवरची सही

प्रिय बाना चिसेंगा,

नेहमीसारखं 'याया' लिहिलं नाही म्हणून दचकू नकोस. थोरल्या बहिणीला याया म्हणायचं ते घरात. अख्खं लुआंशा गाव तुला बाना चिसेंगा, 'चिसेंगाची आई' म्हणूनच हाक मारतं, तर आज मीही मारते. तुझी लेक खुशाल आहे. लुसाकाच्या शिबिरातलं जेवण तिला रुचत नाही, भोपळ्याच्या पाल्यात दाण्याचं कूट कमी घालतात म्हणे. मला मात्र दोन दिवस चैन नाही. सतरा वर्षांखालच्या फुटबॉल संघाचे फॉर्म शुक्रवारी द्यायचेत. तिच्या फॉर्मवर आईची सही नाही, आणि सही नसली तर मुलगी घरी. सहप्रशिक्षक मीच, त्यामुळे कागद माझ्याच टेबलावर पडलाय. चहा करते, येऊन बघते. मैदानाला चकरा मारते, पुन्हा येऊन बघते.

पोर खेळते कशी म्हणून विचार! चेंडू यायच्या आधीच मान वळवून दोन्हीकडे बघून घेते. आमचे मुख्य प्रशिक्षक सिमुकोंडा सर परवा म्हणाले, "काम्पाम्बा, ही तर तुझीच नक्कल. मुलगी कुणाची आहे शेवटी!" आपल्याकडे आईची बहीण ती आईच, त्यात त्यांचं काय चुकलं? मी हसले आणि चेंडू गोळा करायला पळाले.

तेव्हापासून ते बसस्थानक डोळ्यांपुढून हलत नाही. सतराव्या वर्षी मला चिसेंगा झाली, आणि ती आठ महिन्यांची असताना राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं. तुझ्या पाठीवर चितेंगेच्या कापडात ती बांधलेली. तुझी कूस उजवली नव्हती. 'मूल नाही, तर हिला कुणाच्या नावानं हाक मारायची?' असं सासरचे तुझ्या तोंडावर विचारत. तू म्हणालीस, "जा, खेळ. ही आता माझी. पण उद्या नाव झालं म्हणून परत मागायला आलीस तर तंगडं तोडीन." मी मान हलवली. बस सुटायची घाई होती, तेव्हा मी कशालाही मान हलवली असती.

मग बारा वर्षं नुसती पळाले. पाठीवर आठ नंबर, जागा मधल्या फळीत. कधी तुर्कस्तानातल्या थंडीत, कधी चीनमध्ये एक शब्द न कळता. सामना जिंकला की तुला फोन. तू तो तिच्या कानाला लावायचीस आणि ती म्हणायची, "धाकटी आई, मला बूट आण." आईच्या धाकट्या बहिणीला तसंच म्हणायचं, म्हणून आपल्याला कधी खोटं बोलावंच लागलं नाही. तिला अजून काही ठाऊक नाही. खरं सांगू, याचाच मला राग येतो. खोटं असतं तर कधीतरी उघडं पडलं असतं.

गुडघा गेला, खेळ थांबला, पण माझी आतली पळापळ काही थांबेना. या शिबिरातली जागा मी हट्टानं मागून घेतली. कुणासाठी, ते तू ओळखलंस. म्हणूनच तिला बसमध्ये बसवलंस त्या दिवशी फोनवर माझ्याशी धड बोलली नाहीस.

परवा ती फॉर्म घेऊन आली. "धाकटी आई, तूच मार ना सही. आईला इथं यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडणार, मग तिची बाजारातली भजी कोण तळणार? तूही आईच ना!" पेन माझ्या हातात कोंबलं आणि पळाली जेवायला. याया, मी पेन टेकवलं. ठिपका उमटलाय, तुला दिसेल. सही केली असती तर कुणी मला खोटं म्हणू शकलं नसतं. पण ती सही संघासाठी नसती. मला पोर तुझ्याकडून काढून घ्यायची होती. हे ध्यानात आलं आणि मी पेन खाली ठेवलं.

हे पत्र त्यासाठीच. फॉर्म सोबत आहे. उद्याच्या पहिल्या बसच्या ड्रायव्हरकडे देते. त्या ठिपक्यावरूनच तुझी सही कर आणि शुक्रवारी स्वतः घेऊन ये. शनिवारी सामना आहे, तोवर थांब. पोरीनं गोल केला की प्रेक्षकांतल्या बायका विचारतील, हिची आई कोण? तू खुशाल उभी राहा आणि तोंडाचा पट्टा सोड. मी खाली बाकावर असेन. तेवढ्यापुरती माझ्या बुटाची नाडी सुटलेली असेल, ती बांधायला मी वाकेन.

तुझीच धाकटी,
काम्पाम्बा