डोळे तुळसी उघडेल

अण्णा नगर, चेन्नई
१६ ऑगस्ट २००७

चि. तुळसीस,

अक्काचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझे भावोजी काल दिवसभर तिरंगी टोपी घालून मिरवले, आज पाय धरून पडलेत. तुझ्या सासूबाईंचा खोकला कसा आहे? झाली खुशाली! आता ऐक, कालपासून माझ्या पोटात काही राहत नाहीये.

इथल्या छोट्या संग्रहालयात काल स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली म्हणून कलेचा दिवस होता. सगळ्यांना फुकट प्रवेश, आणि नुसतं बघायचं नाही, स्वतः करायचं. तिथल्या वाणी मॅडमनी मला मोठ्ठं तंजावर चित्र मांडायला सांगितलं. येणाऱ्या प्रत्येकाने त्यावर एक खडा चिकटवायचा. मी देव घेतलाच नाही. दोन वेण्यांची शाळकरी मुलगी काढली, झेंड्याची दोरी ओढणारी. फळी आपले आप्पा करायचे तशीच केली, चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवून. सोन्याचा वर्ख लावला, रंग भरले, झेंडा तेवढा लोकांसाठी मोकळा ठेवला.

अगं, काय गर्दी! सिरुसेरीच्या कंप्यूटर कंपनीतली पोरं सुट्टीच्या दिवशीसुद्धा गळ्यात ओळखपत्रं अडकवून आली होती. एकाने केशरी पट्ट्यात हिरवा खडा डकवला, तर मागच्या बायकांनी त्याला असं धारेवर धरलं की मलाच मध्ये पडावं लागलं. मुलांच्या केसांना गोंद, माझ्या पदराला गोंद, भावोजींच्या टोपीलाही गोंद.

खरी मजा पुढेच. एका पाट्टीने, चांगली सत्तरीची आजी होती, खडा लावून चित्राला हात जोडले. तिच्या मागचीने चपला काढल्या. बघता बघता चपलांचा ढीग! कुणी मोगऱ्याचा गजरा वाहिला, एकाने तर कापूर पेटवला. रखवालदार ओरडत धावला, "अय्यो, विझवा! हे म्यूझियम आहे, कोविल नव्हे, देऊळ नव्हे!" वाणी मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अंबुजा, शाळेतल्या पोरीची देवी केलीत तुम्ही." मी काय करू? आपल्या लोकांना वर्ख दिसला की हात आपोआप जुळतात.

तेवढ्यात एका चिमुरडीने विचारलं, "आंटी, या चित्रातल्या अक्काला डोळे का नाहीत?"

हो, डोळे नाहीत. तुला हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, धीर झाला नाही. सकाळपासून जो विचारेल त्याला मी "अजून मुहूर्त नाही" म्हणून वाटेला लावत होते. खरं कारण तुला ठाऊक आहे. आपल्या चित्रांत वर्ख आणि खडे माझे, डोळे तुझे; सगळ्यात शेवटी बुबुळं रेखून चित्राचे डोळे उघडायचे ते तूच. तुझे शहाजीराव गेले आणि महिन्याभरात राममूर्ती मामांनी आपल्याकडून नेलेलं कृष्णाचं चित्र परत आणून दिलं, विधवेने उघडलेले डोळे देवघरात नकोत म्हणून. तू कुंचला खाली ठेवलास आणि तंजावरला सासरी निघून गेलीस. त्यालाही दोन वर्षं झाली. तेव्हापासून डोळे मी रेखते, आणि माझे सगळे कृष्ण झोपाळू दिसतात.

मी चिमुरडीला काही सांगणार, तर रांगेत कोण? राममूर्ती मामाच! हातात पांढरा खडा. भर दालनात मोठ्याने विचारलं, "खरंच, डोळे कोण उघडणार, अंबुजा?"

काय संचारलं कोण जाणे. वाणी मॅडमच्या हातातला माईक मी ओढूनच घेतला. "माझी बहीण तुळसी उघडेल. सव्वीस तारखेला, रविवारी, इथेच, सगळ्यांसमोर!" तमिळमध्ये सांगितलं, आपल्या मराठीत सांगितलं, घाबरून मोडक्यातोडक्या इंग्रजीतही सांगून टाकलं.

मामांनी खडा ताटलीत परत ठेवला आणि ते चालते झाले. मला वाटलं, आता रांग मोडते. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या एक बाई पुढे सरकल्या, तोच खडा उचलून चिकटवला आणि मला म्हणाल्या, "रविवारी किती वाजता यायचं, ते सांगा."

तुळसी, मी तिथेच रडले आणि रडता रडता हसत सुटले. भावोजी म्हणाले, आधी माईक बंद कर.

तुला न विचारता बोलले. रागव, दोन दिवस बोलू नकोस, पण गाडीत बस. तुझ्या हातात काही दोष नाही गं. मला तुझी फार आठवण येते, आणि ती नुसती डोळ्यांपुरती नाही.

चित्राखाली लावायची पाटी वाणी मॅडम आजच करायला टाकतायत. "नावाआधी तिरुमती लिहू ना, तुमच्या 'सौ.'सारखं?" म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, "चित्रकार लिहा."

तू नाही आलीस तरी चित्र भिंतीवर चढेल, डोळ्यांविना, आणि खाली तुझंच नाव असेल. मी कुंचला लावणार नाही.

उत्तराची नव्हे, तुझीच वाट बघणारी,
अक्का