मणक्यातला जाळ

१४ जानेवारी २०२५
टक् ठाक् ठाक्, टक् ठाक् ठाक्. सहादू बोटाच्या पेरानं बाकावर भुजंगप्रयात वाजवतोय — लघु गुरु गुरु — आणि सातवीचा अख्खा वर्ग त्या तालावर कविता म्हणतोय. सत्तर वर्षं होत आली. आज नगरला एमआरआयच्या नळीत पडलो होतो, तर यंत्राच्या ठोक्यांत नेमका तोच ताल!

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मणक्याचा टीबी आहे. दोन मणके खाल्लेत."

सहादूच्या पाठीवरही असाच उंचवटा होता. गुडघ्यांवर हात टेकून चालायचा. पोरं त्याला उंट म्हणायची. एका श्रावणात त्याची जागा रिकामी झाली. मास्तरांनी हजेरीत नाव घेतलं नाही. बस्स, तेवढंच.

१६ जानेवारी
रक्ताचे दोन आकडे आले. ईएसआर ९६ — वीसच्या आसपास हवा. सीआरपी ५२ — पाच-सहाच्या आत हवा. "आत किती जाळ पेटलाय, ते हे दोघं सांगतात," डॉक्टर म्हणाले.

मुलगा कल्याण गाडी चालवत होता. घरी उतरला आणि थेट शेजारच्या बनुबाईवर तुटून पडला. बनुबाई पायाळू — जन्मताना पाय आधी आलेले. अशा माणसाचा पाय लागला की भरलेली पाठ मोकळी होते, म्हणतात. दिवाळीपासून मीच तिला बोलवत होतो. उंबऱ्याशी पालथा पडायचो, ती तीनदा पाठीवरून पाय फिरवायची.

"तुझ्या पायानं तात्याची पाठ मोडली!"

"आरं, म्या दाबलं न्हाई. नुसता पाय लावला." मग हळूच, "पुना ह्या दारात पाय ठिवनार न्हाई."

मी गाडीतून उतरलोच नाही.

८ फेब्रुवारी
गोळ्या चालू. त्यांच्या रंगानं लघवी लाल. उजव्या पायातली चप्पल निसटते आणि मला कळतच नाही. ऑपरेशन ठरलं. सहादूला कुणी नगरपर्यंत तरी आणलं असेल का?

१३ फेब्रुवारी
पाठीत सळ्या आणि स्क्रू. ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले. आज सीआरपी १३८! ईएसआरही वर. जाळ विझवायला गेले आणि भडकला. कल्याणला आकडा सांगितला नाही.

डोळे मिटले की पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी बसतं. पाठ माझ्याकडे. टक् ठाक् ठाक्.

१४ फेब्रुवारी
डॉक्टर हसले. "हा जाळ जखमेचा. चिरल्यावर सीआरपी चढणारच, दोन-तीन आठवड्यांत उतरेल. ईएसआर मात्र बैलगाडीनं येतो."

"आणि उतरलेच नाहीत तर?"

"तर मी हसणार नाही."

म्हणजे सीआरपी आमचा भुजंगप्रयात, पटपट पावलांचा. ईएसआर शार्दूलविक्रीडित — लांब ओळ, श्वास पुरवून म्हणायची.

३ मार्च
सीआरपी १८. ईएसआर ७४. पट्टा बांधून ओट्यापर्यंत गेलो. चप्पल पायात राहिली!

बनुबाईच्या दाराला कुलूप. कल्याण म्हणाला, "लेकीकडं गेली घोडेगावला." मग खाली बघत, "जास्तच बोललो मी तिला."

१९ मे
सीआरपी ४. ईएसआर २६. डॉक्टर म्हणाले, जाळ विझत आला, गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत.

दुपारभर ओट्यावर कान देऊन बसलो. ताल आला नाही. सहादू गेला वाटतं. बरं होण्यात इतकं एकटेपण असेल, असं कुठल्या कवितेत शिकवलं नव्हतं.

२६ मे
कडी वाजली. टक् ठाक् ठाक्. पट्टा सावरत दार उघडलं.

दारात बनुबाई. कमरेत वाकलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले.

"तात्या, समद्या गावाला पाय लावला. मला पायाळू कुठनं आनू?"

"सांजचा ताप येतो?"

"व्हय. दिवाळीपस्नं."

दिवाळीपासून! माझ्या पाठीवर पाय फिरवायची, तेव्हापासून.

कल्याण गाडीची किल्ली शोधतोय. "आत ये, काकू," तो दोनदा म्हणाला. ती अजून उंबऱ्याबाहेरच उभी आहे.